कासवआजोबांची पिकअप

प्राणी गाड्या हाकत असत, त्या काळची गोष्ट. काटेरी साळूबाईला रताळी बाजारात आणि पिल्लं जत्रेत न्यायला गाडी हवी होती. कासवआजोबांनी आपली जुनी पिकअप विकायला काढली होती.

"चढाला धापा टाकते, दार दोरीनं बांधलंय," तिचा नवरा साळोबा कुरकुरला. "आणि सीट बघ, नुसती चाळण!"

"माझ्या कवचानं फाटली रे," आजोबा म्हणाले. "पण गाडी कधी पळवली नाही मी."

"तुम्ही कशाला पळवताय!" साळूबाई हसली.

काल साळूबाईची सगळी मंडळी सशाच्या नव्याकोऱ्या पिकअपमध्ये बसून आली होती. "काटे सांभाळा हं!" असं ससा सारखा बजावत होता. अंग चोरून बसता बसता धाकटं पिल्लू रडकुंडीला आलं होतं. साळूबाईला तेच आठवत होतं.

तेवढ्यात जुनी पिकअप करकरली, "टेक गं बाई. एक भोक वाढलं तर मला कुठं कळतंय?"

पिल्लांनी धडाधड आत उड्या मारल्या. साळोबाही बसला, मग हळूच मागे रेलला. त्याचे काटे सीटमध्ये रुतले, पण कोणीच ओरडलं नाही. त्यानं डोळे मिटले.

"चढ आला," तो डोळे न उघडताच म्हणाला, "तर उतरून ढकलू की सगळे."