गेमलीच्या राशीवरचे दगड

पहिला दगड ज्याने उचलला, त्याचे नाव या गावात कुणालाच आठवत नाही. गेमलीचे नाव मात्र शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सातपुड्याच्या उतारावर, ओढ्याकाठी, पुरुषभर उंचीची दगडांची रास आहे ती तिचीच. शेजारी पाण्याने भरलेली दगडी डोणी. गावचे वेस्ताबाबा ही जागा दाखवतात, तेव्हा आधी चपला काढायला लावतात.

गेमली, असे सांगतात, एकटी राहणारी म्हातारी होती. गावाच्या अडीनडीला पुरेल एवढे बियाणे तीच राखून ठेवी. कीड लागू नये म्हणून ज्वारीला राख चोळायची, धान्याची कणगी शेणाने लिंपायची. एका साली तापाने तीन मुले गेली. हे कुणा डाकिणीचेच काम म्हणत गावच्या भगताने या डोणीत एकेका नावाने ज्वारीचा दाणा टाकला. ज्या नावाचा दाणा तरंगेल, ती डाकीण. नावे फक्त म्हाताऱ्यांची. पुरुषाचे एकही नाव त्याला सुचले नाही. गेमलीचा दाणा तरंगला.

ती म्हणे हसली. "अरे भगता, दाणा पोकळ आहे. तुझ्या घरचा ना? राख लाव म्हटलं, तर हात काळे होतात म्हणालास!"

मग तिने त्याच्याच टोपलीतली मूठभर ज्वारी त्याच्या नावाने पाण्यात टाकली. निम्मी तरंगली. पण चूक कबूल करण्यापेक्षा म्हातारी मारणे सोपे. "पाणीसुद्धा फितवलं हिनं!" भगत ओरडला, आणि तिच्या बियाण्यावर जगलेल्या हातांनी दगड उचलले.

पेरणी आली. घरोघरी दाणा किडका निघाला. तेव्हा या शूरांनी तिची कणगी फोडली. ते बियाणे दाट उगवले, म्हणून ती देवी झाली. उगवले नसते, तर डाकीणच राहिली असती.

आजही पेरणीआधी प्रत्येक घर याच डोणीत बियाणे ओतते, तरंगलेला दाणा फेकते आणि राशीवर एक दगड हळूच ठेवते. हळूच! आणि आजही कुणाची म्हैस आटली, की याच गावात एखाद्या म्हातारीच्या दाराकडे बोटे वळतात.

"फार जागृत देवी," वेस्ताबाबा हात जोडून म्हणाले. "गावावर मोठी माया तिची."

ओढ्यात एक म्हातारी भांडी घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माया म्हणे! तिला विचारलंय का कुणी?"