मालमोटारीला लागलेली दृष्ट

हरबाशेठची मालमोटार टेकावरून सुसाट खाली आली आणि सरळ गणोबा भडभुंज्याच्या दुकानात घुसली! भट्टी फुटली, गणोबाचा पाय मोडला आणि पोतीच्या पोती चुरमुरे उडून अख्ख्या पेठेवर पडले. गावातल्या बकऱ्या तेवढ्या खूश झाल्या.

गणोबाची लेक ठकू भरपाई मागायला गेली, तर शेठ तिच्यावरच उखडले. "भरपाई? ती तू द्यायचीस! माझी नवीकोरी मोटार बघून परवा तूच म्हणालीस ना, 'अगंबाई, किती देखणी!' तुझीच दृष्ट लागली तिला!"

एवढ्यावर न थांबता त्यांनी दरबारात फिर्यादही ठोकली. त्यांना ठाऊक होतं, भोवरगड संस्थानच्या राजेसाहेबांसमोर दृष्टीचं नाव काढलं की काम फत्ते! राजेसाहेबांच्या सिंहासनाला बिब्बा टांगलेला असे, आणि रोज संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून त्यांच्या मिशांची दृष्ट काढली जाई. डाव्या मिशीची वेगळी, उजवीची वेगळी!

"पोरी," राजेसाहेब गरजले, "दृष्ट असतेच! 'नसते' म्हणालीस तर खटला तिथंच संपला. ती तुझी नव्हती, एवढंच सिद्ध कर. नाही जमलं, तर शेठची मोटार दुरुस्त करून द्यायची आणि बापलेकीनं संस्थान सोडायचं!"

आता दृष्ट कुणाची हे सिद्ध करायचं तरी कसं? तिच्यावर काय नाव कोरलेलं असतं? बरं, मदतीला घ्यावं तर अख्ख्या संस्थानात वकील एकच, आणि तो हरबाशेठच्या शेजारी बसून त्यांचेच पेढे खात होता.

"मग माझं मीच बोलते, सरकार," ठकू म्हणाली.

"हरकत आहे!" वकीलसाहेब पेढा गिळत ओरडले. "काळ्या कोटाशिवाय दरबारात वकिली करता येत नाही!"

गणोबाला बाजेवर घालूनच दरबारात आणलं होतं. ठकूनं त्याच्या अंगावरची काळी घोंगडी ओढली आणि खांद्यावर घेतली. "झालं काळं? का अजून भट्टीची काजळी फासू?"

"ठके, थंडी वाजतीय गं!" गणोबा कळवळला.

"दम धरा आबा, तुमचाच खटला चाललाय!" मग ती शेठकडे वळली. "शेठजी, मोटारीला लिंबू-मिरची बांधली होती?"

"म्हणजे काय!" शेठ फुगले. "पुढं लिंबू-मिरची, मागं फाटकी वहाण, वर काळी बाहुली! लिंबू तर दर शनिवारी ताजं!"

"मग माझी दृष्ट आत शिरली कुठनं?"

शेठनी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं पेढ्याकडे पाहिलं.

"लिंबू... लिंबू शिळं असेल," शेठ पुटपुटले.

"मग शिळं लिंबू बांधलं कुणी? मी?"

राजेसाहेब सावरून बसले. शेठ घाईनं म्हणाले, "नाही नाही! लिंबू ताजंच होतं, सरकार! पण हिची दृष्टच जबर! ताज्या लिंबाला पुरून उरणारी!"

ठकूनं मोटार चालवणाऱ्या शिदूला पुढे बोलावलं. "शिदूदादा, उतारावर ब्रेक दाबला होतास?"

शिदूनं भीत भीत मालकाकडे पाहिलं. "दाबला की! दोन्ही पायांनी दाबला."

"मग?"

"मग लिंबाला हात जोडले."

दरबारात खसखस पिकली. शेठ लालबुंद झाले. "ब्रेक उत्तम आहेत, सरकार! अगदी शपथेवर सांगतो! दृष्ट लागली नसती तर मोटार जागच्या जागी थांबली असती!"

"बघा हं, शपथेवर म्हणालात!" ठकूनं हात जोडले. "सरकार, माझी एक विनंती. माझे डोळे घट्ट बांधा. बाजारातली सगळी लिंबं आणून मोटारीला बांधा. शिदूदादा टेकावरून मोटार खाली आणंल, आणि आमच्या दुकानाच्या जागी शेठजी उभे राहतील. मोटार थांबली, तर दृष्ट माझीच होती! आम्ही आजच गाव सोडतो."

"अहो, पण मी कशाला?" शेठ किंचाळले.

"घाबरता कशाला? ब्रेक उत्तम आहेत ना!"

राजेसाहेबांना कल्पना भलतीच आवडली. लगेच सगळा दरबार टेकाच्या पायथ्याशी जमला. मोटारीचं नाक चेपलं होतं, पण ती चालत होती. लिंबांच्या माळांनी ती नवरदेवाच्या घोड्यासारखी सजवली. ठकूचे डोळे बांधले. शिपायांनी शेठना ढकलत नेऊन मोडक्या भट्टीपाशी उभं केलं.

वर शिदूनं इंजिन चालू केलं आणि भोंगा वाजवला. पोंऽऽ!

मोटार अजून जागची हललीही नव्हती, तेवढ्यात शेठनी धोतराचा सोगा खोचला आणि शेजारच्या चिंचेकडे धूम ठोकली! एवढं पोट घेऊन माणूस झाडावर इतक्या झपाट्यानं चढतो, हे भोवरगडनं प्रथमच पाहिलं.

"थांबव! अरे, थांबव तिला!" ते शेंड्यावरून ओरडले.

"कशानं थांबवू, शेठ?" टेकावरून शिदूनं विचारलं. "ब्रेक मागितले की तुम्ही लिंबू देता!"

"सरकार, वाचवा! ब्रेक गेलेत तिचे! कधीचेच गेलेत!"

डोळ्यांवरची पट्टी तशीच ठेवून ठकू शांतपणे म्हणाली, "सरकार, माझे डोळे तर बांधलेत. मग शेठजी कुणाची दृष्ट लागून झाडावर चढले, तेवढं विचारा!"

राजेसाहेब इतके हसले, इतके हसले, की दोन्ही मिशा वेगवेगळ्या दिशांना थरथरू लागल्या! गणोबा तर मोडका पाय विसरून बाजेवर उठून बसला आणि "आई गं!" म्हणून परत आडवा झाला.

शेठ झाडावर असतानाच हुकूम सुटला. गणोबाला शेठनी पक्की भट्टी बांधून द्यायची आणि पाय बरा होईपर्यंत त्याचं घर चालवायचं. ठकूला राजेसाहेबांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून दिला आणि संस्थानची वकिली बहाल केली. शिवाय दवंडी पिटली, की यापुढे प्रत्येक मालमोटार टेकावरून उतरताना तिच्या मालकानं पायथ्याशी उभं राहायचं.

दुसऱ्याच दिवशी संस्थानातल्या झाडून सगळ्या मालमोटारींना नवे ब्रेक लागले!