दोन दाते उजवीकडं

“कुठल्या अडाण्यानं बसवलं होतं हे स्टिअरिंग?”

सुकुमारनं पिकअपच्या केबिनमधून मुंडकं बाहेर काढून विचारलं. पुलर लावून नुकतंच उपसलेलं स्टिअरिंग त्याच्या हातात होतं, आणि चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद.

बाबालाल उस्ताद बाहेर जुन्या टायरवर बसून बशीतून चहा पीत होते.

“का रे? काय झालं?”

“पुढची चाकं नाकासमोर सरळ आहेत आणि स्टिअरिंग वाकडं. दांड्याच्या खाचांत दोन दाते उजवीकडं! उजवा आरा बघा कसा खाली लोंबत होता. बसवणाऱ्याला डोळे नव्हते काय?”

“असेल काहीतरी.”

“काहीतरी काय असणार, उस्ताद?”

उस्तादांनी फुंकर घातली आणि उरलेला चहा संपवला...

मिरजेत उस्तादांच्या हाताखाली सुकुमारला नऊ वर्षं झाली होती. हात चांगला होता, खोटं कशाला बोला? इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. पण आपला हात चांगला आहे हे त्याला गावापेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं.

वर्षभर त्याचा एकच धोशा चालला होता. स्वतःचं गॅरेज काढायचं. तासगाव रस्त्याला जागा बघून ठेवलेली, पाटीचा रंगसुद्धा ठरलेला. अडलं होतं ते उस्तादांच्या शब्दासाठी. उस्तादानं ‘जा’ म्हटल्याशिवाय पाटी लावायची नाही, ही त्या गॅरेजची रीत होती. न विचारता कुणी लावली तर पोलीस येत नव्हते. पण असा माणूस शिकून गेला म्हणत नसत, पळून गेला म्हणत.

सुकुमारनं तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उस्ताद म्हणाले होते, “जरा तो बारा नंबरचा पाना दे.”

चौथ्या वेळी मात्र म्हणाले, “कोरेआप्पांच्या पिकअपचा कॉलम बदल. एकट्यानं. मग बघू.”

कोरेआप्पा मालगावचे. पानमळ्यातून पानांच्या करंड्या भरायच्या आणि मिरजेला आणायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. पिकअप साठ-बासष्ट सालची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. स्टिअरिंगचा उभा कॉलम आतून पार झिजला होता. अर्धा वेढा फिरवावा तेव्हा कुठं पुढची चाकं हूं म्हणायची.

असला कॉलम आता कुठं मिळतोय? सुकुमारनं कोल्हापूर पालथं घातलं, भंगारातून एक धड निघालेला कॉलम आणला, लेथवर बूश करून घेतले, ग्रीस भरलं. आठ दिवस दुसऱ्या कुणाला गाडीला बोट लावू दिलं नाही.

उस्तादांचा एक नियम होता. काहीही उघडायच्या आधी खूण करायची. वायरला चिकटपट्टी, नटाला खडू, दांड्याला पंचचा ठिपका. सुकुमारनं सगळीकडं खुणा केल्या. एका ठिकाणी तेवढी केली नाही. स्टिअरिंग मुळातच वाकडं बसलेलं. चुकीच्या गोष्टीची खूण कशाला ठेवायची?

त्यानं ते सरळ बसवलं. आरे असे आडवे, की वर पाण्याची वाटी ठेवावी.

शुक्रवार होता. उस्तादांनी हात धुतले, टोपी घातली.

“मी नमाज पढून येतो. आप्पा आले तर बसवून ठेव. मी येईपर्यंत गाडी सोडू नको.”

“बरं.”

उस्तादांची पाठ वळली आणि आप्पा हजर. मळ्यात करंड्या भरून ठेवल्या होत्या, ऊन चढलं होतं, पानं कोमेजतील म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

“झाली का रं गाडी?”

सुकुमारच्या मनात आलं, उस्ताद येऊन काय वेगळं बघणार आहेत? ट्रायल आपण स्वतः घेतलीय. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरतेय.

त्यानं किल्ली दिली.

अर्ध्या तासानं आप्पा परत आले. पायी.

धोतराला वाळू लागलेली. कपाळावर घाम. फाटकापाशी जरा थांबले, मग येऊन उस्तादांच्या टायरवर बसले.

सुकुमार पुढं धावला. “आप्पा! गाडी कुठाय?”

“कालव्याच्या वळणावर. वाळूच्या ढिगात घातली. कुणाला लागलं न्हाई, देवाची कृपा.”

“स्टिअरिंग अडकलं?”

“छे, छे. तुझं काम झकास झालंय. गिअर टाकाय गेलो आन् चाकावरचा ह्यो हात सुटला बघ.” आप्पांनी उजवा हात पुढं केला. कोपरात तो काटकोनात वाकलेला होता आणि तसाच राहिला. माडावरून पडून मोडलेलं कोपर वाकडंच सांधलं होतं. “आजवर साथ दिली बिचाऱ्यानं. आता दमला. पोरगं म्हणतच हुतं, विका म्हणून... विकतो.”

त्यांनी किल्ली सुकुमारच्या तळहातावर ठेवली. रागानं नाही. दुकान बंद करून शेजाऱ्याकडं ठेवावी तशी.

सुकुमार मोटारसायकलवर बसून कालव्यावर गेला. चार माणसांनी पिकअप ढिगातून ओढून काढली. त्यानं मोटारसायकल मागं चढवली आणि पिकअप चालवत परत आणली. गाडी खरोखरच लोण्यासारखी चालत होती. वाटेत दोनदा त्यानं मुद्दाम वळवून पाहिली. कुठं काही चूक सापडेना. त्याला रडावंसं वाटलं.

आला तेव्हा उस्ताद आप्पांना पाणी देत होते.

“किल्ली कुणी दिली?”

“मी.”

बस, एवढंच. उस्ताद ओरडले असते तर सुकुमारला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “स्टिअरिंग काढ.”

सुकुमारनं नट सोडवला, पुलर लावला, स्टिअरिंग काढलं.

“आप्पा, चढा. बसा जाग्यावर.”

“कशाला आता, बाबालालभाई?”

“बसा तर खरं.”

आप्पा बसले. समोर स्टिअरिंग नाही, नुसता उघडा दांडा.

“डोळे मिटा. मळ्यातनं निघालाय. मागं करंड्या आहेत. कालव्याचं वळण आलं... धरा.”

आप्पांनी डोळे मिटले. डावा हात गिअरकडं गेला. वाकडा उजवा हात हवेत उचलला, जरासा चाचपडला आणि एका जागी थांबला. बोटं आपोआप वळली. तिथं काहीच नव्हतं, तरी हात असा विसावला होता की वीस-बावीस वर्षं तो तिथंच राहत असावा.

उस्तादांनी खिशातून खडू काढून सुकुमारच्या हातात दिला.

सुकुमार बघत राहिला. खडू कुठं मारायचा? समोर लोखंड नव्हतंच, एका म्हाताऱ्याचा हात होता...

मग त्यानं खडू कानावर खोचला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी उचललं, हळूच आप्पांच्या बोटांपाशी नेलं आणि उजवा आरा त्यांच्या मुठीत येईपर्यंत फिरवत राहिला. मूठ मिटली. तसंच ते दांड्यावर दाबलं, वाकून दाते मोजले.

दोन. उजवीकडं.

त्याचे कान तापले.

आप्पा डोळे मिटूनच हसायला लागले. “बाबालालभाई, मागल्या खेपेलाबी तुम्ही मला असंच आंधळं करून बसवलं हुतं. तीन गॅरेजवाल्यांनी मला हाकललं हुतं, गाडी सोडा म्हणून. तुमच्याच पुण्याईवर आजवर पोटाला खाल्लं बघा.”

सुकुमारनं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद नखातलं ग्रीस काढत होते.

“उस्ताद... त्या दिवशी मी अडाणी म्हणालो...”

“नट आवळ. सैल राहील.”

त्यानं नट आवळला. खडू मारला, पंचचा ठिपकाही दिला. मग आप्पांच्या शेजारी स्वतः बसला आणि म्हणाला, “आधी मैदानात, आप्पा. मी आहे.”

शेजारच्या मोकळ्या मैदानात पिकअप एक फेरी फिरली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला आप्पांनी गिअर बदलला, वळण घेतलं आणि उगाचच भोंगा वाजवला. लग्नातल्या नवरदेवासारखा चेहरा झाला होता म्हाताऱ्याचा.

उतरल्यावर त्यांनी सुकुमारचे दोन्ही हात धरले.

“लेकरा, माझा हात मला परत दिलास. तुझं सोनं होवो.”

“मीच काढून घेतला होता तुमचा हात, आप्पा.”

“ते गेलं कालव्यात. चल, जातो, पानं वाट बघत असतील.”

पिकअप फाटकातून बाहेर पडली. सुकुमार ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. आपल्या हातून एका माणसाचं चालतं जग थांबलं होतं, आणि उस्तादांनी चारचौघांत त्याची शोभा न करता ते त्याच्याच हातून पुन्हा चालू करून घेतलं होतं. कुठं फेडायचं हे? नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण काहीच शिकलो नाही असं वाटलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटेना. उलट भरून येत होतं.

तो आत आला. उस्तादांच्या पायाशी वाकला.

“उस्ताद, ते गॅरेजचं राहू द्या. आणखी दोन-चार वर्षं ठेवून घ्या मला.”

उस्ताद उठले, कोपऱ्यातली आपली स्कूटर पुढं ओढली.

“हल्ली हिचं हँडल डावीकडं ओढतंय. बघतोस?”

सुकुमारनं पाना उचलला. एक पाऊल पुढं टाकलं...

थांबला.

पाना जागेवर ठेवला. हात पुसले. स्कूटरकडं न बघता उस्तादांकडं बघत राहिला. त्यांच्या मानेकडं, हँडलवर टेकलेल्या त्यांच्या हातांकडं.

“उस्ताद, खांदा कुठला दुखतोय?”

उस्तादांच्या पांढऱ्या दाढीत हळूहळू हसू पसरलं. त्यांनी स्कूटर पुन्हा कोपऱ्यात नेऊन लावली.

“पाटी लाव आधी. गाडी तिथं घेऊन येतो.”