राजकणीस

राजा रणधवलाला ज्वारीचं एक कणीस सापडलं, आणि बाकीच्या ज्वारीचे दिवस भरले!

कणीस होतं मात्र झकास. नारळाएवढं मोठं, टपोऱ्या दाण्यांनी गच्च भरलेलं. राजाला स्वतः काहीतरी शोधून काढायची भारी हौस, आणि आजवर हाती लागलं नव्हतं काहीच. त्यामुळे कणीस पालखीत बसलं. दरबारात त्याच्यावर चवरी ढाळली गेली. उभ्या जन्मात ढेकळावर पाय न ठेवलेल्या प्रधानजींनी त्याला ‘राजकणीस’ असं नाव दिलं आणि मिशीला पीळ देत सांगितलं, “महाराज, हे उच्च कुळातलं बी! टाकाल तिथे असंच उगवणार!”

झालं. हुकूम सुटला. बोरवंडी गावाचं बियाणं हैबती नावाचा शेतकरी सांभाळायचा. त्याच्याकडचं सगळं बियाणं सरकारजमा करायचं, दळून राजाच्या फौजेसाठी त्याच्या भाकऱ्या थापायच्या, आणि हैबतीनं आपल्या रानात फक्त राजकणीस पेरायचं. सुगीला ज्वारीच्या झाडून सगळ्या ताटांना असंच कणीस लागलं पाहिजे. एक जरी लहान निघालं, तर जमीन जप्त!

शिपाई बियाण्याची मडकी उचलायला आले, तेव्हा हैबती कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. मडक्यांत काय नव्हतं? हुरड्याची गोड ज्वारी होती, गुरांच्या कडब्यासाठी उंच वाढणारी होती, पाऊस रुसला तरी नुसत्या दवावर तग धरणारी होती. एकीचं कणीस तर मान खाली घालून वाढायचं, त्यामुळे पाखरांना त्यावर बसताच यायचं नाही. गावातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या निवडून, राखेत घोळून जपलेलं धन ते! आता त्याचं पीठ होणार होतं.

हैबतीच्या लेकीचा, येसूचा, जीव तीळतीळ तुटला. पण रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं शिपायाला हटकलं, “दादा, त्ये राजकणीस घावलं तरी कुठं?”

“हत्तीखान्याच्या मागं!” शिपायानं छाती फुगवली. “म्हाराजांनी सोता बघितलं!”

येसू गालात हसली. बोरवंडीत बियाण्याचं कणीस नेहमी रानाच्या मध्यातून निवडत. उकिरड्याकडेचं कणीस कितीही गलेलठ्ठ असलं, तरी त्याला बियाण्यासाठी कुणी हात लावत नसे. ते आपलं खायला!

“आबा, उठा,” ती म्हणाली. “दळण पडायच्या आत दरबार गाठू.”

दरबारात राजकणीस मखमली गादीवर लोळत होतं. येसूनं आधी त्यालाच मुजरा केला.

“म्हाराज, हुकूम मान्य! अगदी अशीच कणसं पिकवू. फकस्त या कणसाला जे मिळालं, तेच आमच्या ताटांना मिळावं.”

“एवढंच ना?” राजा खूश झाला. “दिलं! भर दरबारात शब्द दिला!”

“मग दर ताटामागं एक हत्ती द्या, म्हाराज!”

दरबारात कुणालातरी ठसका लागला. प्रधानजी उसळले, “मूर्ख पोरी, ज्वारीला हत्ती कशाला?”

“अहो, त्येनंच तर कणीस मोठं केलं! हत्तीखान्यामागं शेण त्याचं, न्हाणाचं पाणी त्याचं. बिचारा राबला हत्ती, आन् पालखीत बसलं कणीस!”

“खोटं! हा बियाण्याचा गुण आहे! थोर कुळ!”

“मग माहुताला इचारा की, ह्ये थोर कूळ आलं कुठनं!”

माहुताला बोलावलं. तो चाचरत म्हणाला, “महाराज, तिथं पेरलं कुणीच न्हाई. हत्तीच्या खाण्यातले दाणे सांडले, त्यातलाच एक उगवला असंल.”

“आणि हत्तीला खाणं कुठलं?” राजानं विचारलं.

“बोरवंडीचं, महाराज. सरकारात भरणा येतो ना, त्यातलंच.”

प्रधानजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. येसूनं हात जोडले. “बघा, म्हाराज! राजकणीस आमच्याच मडक्यातलं निघालं. त्येला तुमी पालखी दिली, आन् त्याच्या सख्ख्या भावंडांच्या भाकऱ्या केल्या!”

राजाचे कान लाल झाले. पण हट्ट सोडील तर तो राजा कसला! “असेल! तरी सगळ्यांत मोठं हेच. मग बाकीचे एवढे प्रकार हवेत कशाला?”

“खरं हाय,” येसू गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “तुमच्या फौजेत पण सगळ्यात मोठा हत्तीच. मग घोडी आन् पायदळ कशाला पोसताय?”

“वेडी आहेस का? अरुंद खिंडीत हत्ती अडकतो! तिथे घोडाच लागतो, आणि कड्यावर माणूसच चढतो!”

“तेच, म्हाराज! कधी पाऊस दडी मारतो, कधी पाखरांची झुंड उतरती, कधी गुरांना वैरण पुरत न्हाई. आमच्या रानात सालागणिक एक खिंड येती. तुमी आमची सगळी फौज दळायला धाडली, आन् हातात दिला एक हत्ती!”

हैबतीनं डोळे मिटून घेतले. राजानं गादीवरच्या कणसाकडे पाहिलं, मग प्रधानजींकडे पाहिलं, आणि एकदम असा खदखदून हसला की मुकुट कलला!

“पोरी, तू जिंकलीस! पण मी शब्द दिलाय, आणि एवढे हत्ती आणू कुठून?”

“हत्ती ऱ्हाऊ द्या तुमालाच,” येसू म्हणाली. “मागचं शेण तेवढं आमाला द्या!”

राजा हसता हसता सिंहासनावरून घसरायचाच बाकी होता. बोरवंडीची मडकी सीलबंद परत निघाली, हैबतीची जमीन कायमची इनाम झाली, आणि हत्तीखान्याचं खत दरसाल बोरवंडीला पोचवायचा हुकूम सुटला. पहिली गाडी भरून द्यायला, हातात शेणाची पाटी देऊन, खुद्द प्रधानजींची नेमणूक झाली!