मास्तरांची साक्ष

मामलेदारांच्या मेहुण्याचं कोठार भरदुपारी फुटलं आणि चोरीच्या आरोपावरून रामशा पारध्याला कोठडीत टाकलं. पण त्या दुपारी रामशा मिशनशाळेच्या विहिरीतला गाळ काढत होता. काठावर दोर धरून उभे होते शमुवेल मास्तर.

मामलेदारांनी नेमकं मास्तरांनाच कचेरीत बोलावलं.

"रामशाला कोठारापाशी पाहिलं, एवढंच कोर्टात सांगायचं, मास्तर."

"साहेब, मी त्याला विहिरीत पाहिलं."

"सरकारचा हुकूम मानावा, असं तुमच्याच शास्त्रात आहे ना? मग हा हुकूम समजा."

"मानतो ना, साहेब. शेतसारा भरतो. आत्ताही बोलावलंत तसा हातातला खडू टाकून आलो. पण गावात एवढी माणसं असताना मीच का?"

मामलेदार हसले. "अहो, शमुवेल मास्तर देवाला भितात, हे न्यायाधीशांना ठाऊक आहे. तुम्ही बायबलवर हात ठेवलात की ते दुसरा प्रश्न विचारत नाहीत."

"मग देवापेक्षा तुम्हाला जास्त भ्यालो, तर माझी साक्ष तुमच्या तरी काय कामाची?" मास्तर शांतपणे म्हणाले. "बोलवा, येईन. बायबलवर हात ठेवीन आणि रामशा विहिरीत होता, असं सांगेन. न्यायाधीश दुसरा प्रश्न विचारणार नाहीत."

मामलेदारांचं हसू मावळलं. खटला उभाच राहिला नाही. संध्याकाळी रामशा सुटला.

रविवारी उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना झाली. मास्तरांनी त्यात मामलेदारांचंही नाव घेतलं, दर रविवारी घेत तसंच.