नाळेवरची दोन नावं

खाडीकाठच्या एका गावात धाकू आणि बाबली असे दोन मेस्त्री होते. दोघे भागीदारीत होड्या बांधत. लाकूड पारखावं धाकूने आणि गिऱ्हाइकाशी बोलावं बाबलीने, अशी त्यांची रीत. होडी तयार झाली की तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोघांची नावं कोरायची. ती नावं दिसली की होड्या चालवणारे किनाऱ्यावरचे तांडेल फारशी चौकशी करत नसत. डोळे मिटून होडी पाण्यात लोटत.

पुढे मागणी वाढली आणि बाबलीला घाई झाली. लाकूड वाळेपर्यंत थांबायला तो तयार होईना. ओल्या फळ्या तशाच ठोकू लागला. फटी पडल्या की वरून डांबर फासायचा. धाकूने एकदा ते डांबर खरवडून पाहिलं आणि तो थेट बाबलीकडे गेला.

"अरे, यात माणसं बसायची आहेत," तो म्हणाला.

"बसू देत की! आजवर एक तरी बुडाली का?" बाबली हसला.

समजावून झालं, भांडून झालं. शेवटी धाकूने आपली हत्यारं गोळा केली. "आजपासून तुझं तू आणि माझं मी," एवढंच बोलून तो होड्या बांधायच्या मांडवातून बाहेर पडला.

घरी त्याची बायको भागीरथी म्हणाली, "अहो, सुटलात ते बरंच झालं. पण चार माणसांत सांगून टाका. लोकांना कसं कळायचं?"

"इतक्या वर्षांचा दोस्त आहे. त्याची अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडू?" धाकू म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पण आणखी एक गोष्ट होती, ती त्याने बायकोला सांगितली नाही. भरतीच्या वेळी होड्या खाडीतून बाहेर पडत, तेव्हा त्यांच्यावर आपलं नाव पाहायला त्याला आवडायचं. नव्या होड्यांवर ते कोरू नकोस, असं बाबलीला सांगायला त्याची जीभ रेटेना. आणि बाबली आपणहून कशाला थांबतोय? तो दोघांची नावं कोरतच राहिला. धाकूच्या नावावरच तर होड्या खपत होत्या.

धाकू आता दारं-खिडक्या आणि देव्हारे करू लागला. एकदा बाजारात त्याला रघू तांडेल भेटला. रघू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवा मिळून मासेमारी करत. रघू मोठ्या खुशीत होता.

"मेस्त्री, तुमच्याकडची नवी होडी घेतोय," तो म्हणाला. "शिवा पलीकडच्या गावातली घेऊ म्हणत होता. मी म्हटलं, धाकू मेस्त्रींचं नाव असताना दुसरीकडे कशाला जायचं?"

धाकूच्या ओठांवर शब्द आले. पण भोवती माणसं होती. इथे बोललो तर बाबलीचा धंदा बसेल, असं त्याला वाटलं. शिवाय ते कौतुक कानाला गोड लागलं होतं. मागाहून याच्या घरी जाऊन सांगू, असं मनाशी म्हणत त्याने नुसती मान हलवली. रघू हसत पुढे गेला.

धाकू त्याच्या घरी गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ते राहूनच गेलं.

रघूची ती नवी होडी खोल पाण्यात असताना तिच्या तळाची फळी सुटली. वारा नव्हता, तुफान नव्हतं. रघू एका फळीला धरून तरला. शिवा जाळ्यात गुरफटून बुडाला. त्याला किनाऱ्यावर आणलं तेव्हा त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन वाळूत उभी होती. ती रडतही नव्हती. बाबलीने मात्र ही बातमी ऐकली आणि तो गाव सोडून पसार झाला.

गावचा निवाडा करणाऱ्या गावकाराने धाकूला आणि रघूला बोलावून घेतलं.

"मी तर केव्हाच वेगळा झालो होतो," धाकू म्हणाला. "त्या होडीला माझा हातसुद्धा लागलेला नाही."

"हे मला कुणी सांगितलं होतं?" रघूने विचारलं. "बाजारात मी तुमच्या तोंडावर बोललो, मेस्त्री. तुम्ही मान हलवलीत."



गावकार म्हणाला, "धाकू, तुम्हा दोघांत काय ठरलं ते तुम्हा दोघांना ठाऊक. तिसऱ्या माणसाने ते कसं ओळखावं? तो नाव बघतो, आणि तुझं नाव तू राहू दिलंस. बाबली सापडला तर त्याच्या वाट्याचं त्याच्याकडून वसूल कर, ते तुमचं तुम्ही बघा. रघूने त्याच्यासाठी का ताटकळायचं? भरपाई पुरी तुझ्याकडून."

धाकूने वाद घातला नाही. वाडवडिलांची नारळाची बाग त्याने विकली आणि शिवाच्या बायको-पोराच्या पोटापाण्याची सोय लावली. मग जुनं, वाळलेलं लाकूड निवडून तो रघूसाठी होडी बांधायला बसला. एकेक सांधा त्याने पुन्हा पुन्हा हात फिरवून तपासला. असं काम त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

होडी न्यायला रघू एकटाच आला. तिच्याभोवती एक फेरी मारून तो उभा राहिला.

"बोल ना रे काहीतरी," धाकू म्हणाला. "काही उणं राहिलंय का?"

"होडी चांगली आहे, मेस्त्री," रघू म्हणाला. "पण हिला वल्हवायला दोघं लागतात."

धाकू होडीच्या एका बाजूला गेला आणि वाकून त्याने खांदा लावला. दोघांनी मिळून होडी पाण्यात लोटली. रघू एकटाच चढला. होडी खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत धाकू गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

तात्पर्य: भागीदारी मोडली हे आपल्यापुरतं ठाऊक असून भागत नाही. जे आपल्या नावावर भरवसा ठेवतात त्यांना ते वेळेवर आणि उघड सांगावं लागतं. नाहीतर भागीदाराच्या चुकीचा भार आपल्या माथी येतो, आणि सगळंच नुकसान काही भरून देता येत नाही.