शंभर मोर आणि आवडाईची घंटा

एका राज्यात गाईंच्या गळ्यातल्या घंटा ओतणारे शंभर ओतारी होते. शंभर भट्ट्या, शंभर आवाज. घंटा वाजली की गुराखी झाडाखाली पडल्यापडल्या सांगत, ही कुणाच्या हातची.

त्या राज्यात मयूरमल्ल नावाचा मांत्रिक आला. त्यानेही घंटा ओतल्या आणि प्रत्येकीवर मोर कोरला. ऊन पडलं की तो मोर नाचे. लोक खुळावले. ते पाहून एका ओताऱ्याने मोर कोरला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. आवडाई ओतारणीनेही कोरला. पण मोर मंत्राचा होता. जो त्याची नक्कल करी, त्याच्या घंटेचा आवाज उडून मांत्रिकाच्या रांजणात पडे आणि घंटा मांत्रिकाच्या आवाजात वाजू लागे. गाई भलत्याच गोठ्यांत शिरू लागल्या.

मयूरमल्ल राजाला म्हणाला, "महाराज, मोर एक, आवाज एक. भट्ट्या शंभर कशाला?"

राजाला ते पटलं. अमावास्येला मयूरमल्लाची सोडून बाकीच्या भट्ट्या विझवाव्यात, अशी दवंडी पिटली.

आवडाईचा नवरा देवाघरी गेला होता. घरात ती आणि सासरे भिवाजी. दोघांचं पोट त्या भट्टीवर, आणि जीवही तिच्यातच. आवडाई दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझी भट्टी विझवू नका."

राजाचा न्यायाधीश एक म्हातारा धनेश पक्षी होता. तो चोच उघडून बोलला, "शंभर भट्ट्यांतली एकेक आणि मयूरमल्लाची एक, अशा घंटा इथे रचल्या आहेत. कोणती कुणाची, ते मला ठाऊक आहे. तीन दिवस, तीन साक्षी. पहिली साक्ष करणारीची, दुसरी घेणाऱ्याची, तिसरी वापरणारीची. एकीने जरी तुझी घंटा ओळखली, तरी मोराचा मंत्र तुटेल."

पहिल्या दिवशी आवडाई ढिगापुढे बसली. घंटा वाजवल्या, सगळ्या एकसारख्या. निरखल्या, सगळीकडे मोर. संध्याकाळी तिने मान खाली घातली. स्वतःची घंटा तिला स्वतःला ओळखता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मल्हू गुराख्याला बोलावलं. आजवर त्याने वीस घंटा आवडाईकडून घेतल्या होत्या. तो डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? मी मोर बघितला आन् घेतली."

आवडाई घरी येऊन रडली. "मामंजी, आता काय कोरू? हत्ती कोरू का?"

"कोर की," भिवाजी म्हणाले. "परवा शंभर हत्ती होतील."

"थट्टा सुचते तुम्हाला!"

"बरं, थट्टा राहिली. एक सांग, आवडे. बाकीचे ओतारी घंटा थंड झाली की बाहेरून चकाकवतात आणि विकतात. तू त्यानंतर अर्धा दिवस वाळू घेऊन काय करत बसतेस?"

"आतली कड घासते. गळ्याला तीच तर टेकते. गाईला बोलता येत नाही, मामंजी. गळा सोलला तर ती कुणाला सांगेल?"

"आणि तू हे आजवर कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही," आवडाई म्हणाली. मग हळूच हसली.

तिसऱ्या दिवशी तिने मल्हूची साळू नावाची गाय दरबारात आणली. म्हणाली, "घंटा वापरणारी ही. हिच्या गळ्यात एकेक बांधा."

मयूरमल्ल हसला. "आता जनावर न्याय करणार?"

"जनावर मोराला भुलत नाही," धनेश म्हणाला. "बांधा."

पहिली बांधली, साळूने मान झटकली. दहावीला शिंग उगारलं. तिसावी मयूरमल्लाची होती. साळूने अशी लाथ मारली की मांत्रिकाचा फेटा पडला. एक्केचाळिसावी बांधली. साळू उभी राहिली, डोळे मिटले आणि रवंथ करू लागली.

"आवडाईची," धनेश म्हणाला.

रांजण फुटला. आवाज पाखरांसारखे उडाले आणि आपापल्या घंटेत शिरले. मोर पुसले गेले. गाई आपापल्या गोठ्यांत परतल्या.

राजाने दवंडी मागे घेतली. मयूरमल्लाला विचारलं, "तुझी स्वतःची खूण कोणती?" त्याला सांगता येईना. तेव्हा भिवाजींनी त्याला घरी नेऊन भाता ओढायला बसवलं. "बस. हात काळे झाले की सापडेल," ते म्हणाले.

ओतारी आपलं काम नीट पाहू लागले. कुणाची घंटा हलकी निघाली, कुणाची दूरवर ऐकू जाणारी. ज्याने त्याने तेच गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि रोज तसंच केलं. आवडाईच्या घंटेवर काही कोरलेलं नसे. बाजारात गुराखी घंटा उचलत, आतल्या कडेवरून बोट फिरवत आणि म्हणत, "हां, ही आपल्या वहिनींची."

आवडाईची भट्टी जशी पेटती राहिली, तशी ऐकणाऱ्यांची चूल पेटती राहो.